हातात ग्लोव्हज आले, पण स्वच्छता आली का?



खाद्यव्यवसायावरचा कुठलाही व्हिडिओ टाकला, की एक प्रश्न हमखास येतो. "सर, ग्लोव्हज कोणते घ्यायचे? साधे प्लास्टिकचे चालतील का, की ते निळे रबरासारखे घ्यावे लागतील?" व्हिडिओत याचं उत्तर दोन वाक्यांत देऊन पुढे जावं लागतं. म्हणून आज इथे नीट बसून लिहितोय. पोळी-भाजी केंद्र, घरगुती डबा, चाटची गाडी, फराळ, सँडविच, चिकनचं दुकान, यातलं काहीही तुम्ही सुरू करत असाल तर हे शेवटपर्यंत वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्या उद्योजकाचा स्वच्छतेवरचा पहिला खर्च ग्लोव्हजवर नको. पहिला खर्च हात धुण्याच्या सोयीवर, दुसरा चिमटे आणि डाव-चमच्यांवर, आणि तिसरा ग्लोव्हजवर, तोही काम बघून. बरेच जण हा क्रम उलटा लावतात. शंभर ग्लोव्हजचं पाकीट आणतात, हातात चढवतात आणि स्वच्छतेचा विषय संपला असं समजतात. खरं तर तो तिथे सुरू होतो.

ग्लोव्ह नेमका काय करतो?

ग्लोव्ह म्हणजे तुमची त्वचा आणि पदार्थ यांच्यामधला पातळ पडदा. बस, एवढंच. तो जंतू मारत नाही. तुमच्या हाताला जे लागतं ते ग्लोव्हलाही लागतं. फरक इतकाच, की उघड्या हाताला चिकटपणा जाणवतो, घाण दिसते, मग आपण हात धुतो. ग्लोव्हमध्ये काहीच जाणवत नाही. म्हणून माणूस तोच ग्लोव्ह दोन-दोन तास घालून फिरतो.

पाणीपुरीच्या गाडीवरचं दृश्य आठवा. भैय्याच्या हातात ग्लोव्ह आहे, ग्राहक खूश. त्याच हाताने पुरी फोडली, त्याच हाताने पन्नासची नोट घेतली, गल्ल्यातून सुटे काढले, कपाळावरचा घाम पुसला, फडकं उचललं आणि पुन्हा पुरी फोडली. आता सांगा, ग्लोव्हचा फायदा कुणाला झाला? झालाच असेल तर भैय्याच्या हाताला. खाणाऱ्याला नाही.

आपल्या नाकात, त्वचेवर, फोडांमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जीवाणू असू शकतो. तो पदार्थावर गेला आणि पदार्थ तासन् तास बाहेर राहिला, तर तो तिथे विष तयार करतो. पदार्थ नंतर गरम केला तरी ते विष सहजासहजी जात नाही. म्हणून खायला तयार पदार्थाला हात लागणं, हा या सगळ्यातला खरा मुद्दा आहे. ग्लोव्ह त्यासाठी घालायचा, फोटोसाठी नाही.

प्रकार समजून घ्या

बाजारात ढोबळमानाने पाच प्रकार मिळतात.

पहिला, पॉलिथिनचा साधा पॉली ग्लोव्ह. पारदर्शक, ढगळ, दोन पातळ पत्रे कडेने चिकटवल्यासारखा दिसतो. सगळ्यात स्वस्त. घालायला-काढायला सोपा, म्हणून वारंवार बदलायला उत्तम. पण बोटांवर बसत नाही, कडेच्या जोडावर फाटतो आणि उष्णता सहन करत नाही.

दुसरा, सीपीई किंवा टीपीई. दिसायला पॉली ग्लोव्हचाच भाऊ, पण थोडा जाड, मऊ आणि बहुतेक वेळा खडबडीत पोताचा असतो. हातातून कमी निसटतो. माझ्या मते छोट्या खाद्यव्यवसायासाठी किंमत आणि काम यांचा सगळ्यात चांगला मेळ इथे बसतो.

तिसरा, विनाइल. हा पीव्हीसीचा बनतो. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. हे प्लास्टिसायझर तेलकट-तुपकट पदार्थात उतरू शकतात. जपानमध्ये २००० साली डीईएचपी नावाचा प्लास्टिसायझर असलेले पीव्हीसी ग्लोव्हज अन्न हाताळायला वापरणं बंद करण्यात आलं. आता आपल्याकडे बघा. लाडू, चिवडा, शंकरपाळी, पराठे, पनीर, सगळीकडे तूप नाहीतर तेल. पाकिटावर कुठला प्लास्टिसायझर वापरलाय हे छोट्या दुकानदाराला कळायला मार्ग नसतो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: अन्नासाठी विनाइल घेऊच नका. स्वस्तात दुसरे पर्याय असताना ही जोखीम कशाला?

चौथा, लेटेक्स, म्हणजे नैसर्गिक रबर. हातावर छान बसतो. पण काही लोकांना लेटेक्सची ॲलर्जी असते. घालणाऱ्याला तर होतेच, पण त्या हातांनी बनवलेला पदार्थ खाणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२० पासून खाद्यव्यवसायात लेटेक्स ग्लोव्हज वापरायला बंदी घातली आहे. कोविडच्या काळातली लेटेक्सची खोकी घरात उरली असतील, तर ती स्वयंपाकात आणू नका. त्यातही पावडरवाली असतील तर मुळीच नाही. ती पावडर शेवटी पदार्थातच जाते.

पाचवा, नायट्राइल. कृत्रिम रबर. घट्ट बसतो, तेलाला टिकतो, सहज फाटत नाही. बहुतेक वेळा निळ्या रंगात येतो आणि त्या रंगाला कारण आहे. आपल्या ताटात निळा पदार्थ जवळपास नसतोच, त्यामुळे तुकडा तुटून पडला तर लगेच दिसतो. पारदर्शक ग्लोव्हचा तुकडा कांद्यात गेला तर ग्राहकाच्या दातांखाली येईपर्यंत कळत नाही. नायट्राइलचा तोटा एकच, महाग. आणि महाग असल्यामुळे माणूस तो बदलायला कंजुषी करतो. हा तोटा लहान समजू नका.

तुमचं काम कोणतं, त्यावर ठरवा

"सगळ्यात चांगला ग्लोव्ह कोणता" हा प्रश्नच चुकीचा आहे. "या कामाला कोणता" असं विचारा.

भेळ, चाट, सँडविच, कापलेली फळं: हे पदार्थ पुढे शिजत नाहीत, थेट तोंडात जातात. इथे ग्लोव्ह हवाच. पॉली किंवा सीपीई घ्या आणि वरचेवर बदला. शक्य असेल तर ग्लोव्ह फक्त पदार्थाच्या हातात ठेवा आणि पैशाचा हात मोकळा ठेवा. मोकळ्या हाताने पदार्थाला शिवायचं नाही, ग्लोव्हच्या हाताने पैशाला शिवायचं नाही. याहून चांगलं म्हणजे पैसे घ्यायला दुसरा माणूस. तेही जमत नसेल तर क्यूआर कोड ग्राहकाच्या बाजूला लावा आणि साउंडबॉक्स ठेवा, म्हणजे मोबाईल हातात घेऊन पेमेंट बघावं लागत नाही.

कणीक मळणं: इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. ढगळ पॉली ग्लोव्ह घालून कणीक मळली की तो चिकटतो, ओढला जातो, बोटाच्या टोकाला फाटतो. तुकडा कणकेत जातो आणि पोळीत लाटला जातो. पोळी पुढे तव्यावर भाजली जाणार आहे. त्यामुळे नखं कापलेले, अंगठ्या-बांगड्या काढलेले, साबणाने धुतलेले हात मळायला जास्त भरवशाचे. कणीक मात्र तासन् तास उघडी ठेवायची नाही. भाजलेली पोळी मोजायला आणि फॉइलमध्ये गुंडाळायला घ्याल तेव्हा चिमटा किंवा ग्लोव्ह वापरा, कारण त्यानंतर ती शिजणार नाही.

लाडू वळणं, फराळ भरणं: तुपाचं काम. विनाइल नको हे वर सांगितलंच. वळायला हाताला बसणारा ग्लोव्ह लागतो, म्हणून अन्नासाठी चालणारा, पावडर नसलेला नायट्राइल किंवा खडबडीत टीपीई. दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस रोज लाडू वळायचे असतील तर नायट्राइलचा खर्च परवडतो. नुसता चिवडा पिशवीत भरायचा असेल तर पळा वापरा, ग्लोव्हची गरजच नाही.

लोणचं भरणं: शत्रू आहे पाणी. ओल्या हाताचा थेंब गेला तर बुरशीची भीती. हात धुवा, पूर्ण कोरडे करा, मग ग्लोव्ह. आतून घामेजला की बदला, कारण तो घाम मनगटाकडून बाहेर येतो.

मिरच्या कापणं, मसाला लावणं, चिकन-मासे साफ करणं: इथे नायट्राइलला पर्याय नाही. मिरचीने हातांची जी आग होते, ती दिवसभर डोळ्याला हात लावू देत नाही. कच्च्या चिकनचा ग्लोव्ह काढून टाकल्याशिवाय आणि हात धुतल्याशिवाय कोथिंबिरीला, काकडीला, कुठल्याही तयार पदार्थाला हात लावायचा नाही. आणि एक लक्षात ठेवा, डिस्पोजेबल ग्लोव्ह सुरीपासून वाचवत नाही. त्यासाठी वेगळे कट-रेझिस्टंट हातमोजे मिळतात.

तळणं, तवा, शेगडी: ग्लोव्ह काढून ठेवा. साधं पॉलिथिन साधारण ११० अंशांच्या आसपास वितळायला लागतं, आणि वडे तळायचं तेल १७० ते १८० अंशांवर असतं. वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटलं तर भाजणं दुप्पट होतं. इथे झारा, उलथनं, सांडशी आणि जाड सुती फडकं, हीच खरी साधनं.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

डिस्पोजेबलच्या दुकानात दुकानदार सगळ्यात जास्त खपणारं पाकीट पुढे करेल. तुम्ही पुढच्या गोष्टी बघा.

पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मटेरियल आणि अन्नासाठी योग्य असल्याचा उल्लेख हवा. पेला आणि काट्याचं चिन्ह असेल तर चांगलंच. सुटे, पिशवीत बांधलेले, काहीच न लिहिलेले ग्लोव्हज कितीही स्वस्त असले तरी नकोत. मोठी खरेदी असेल तर विक्रेत्याकडे अन्नाच्या संपर्कासाठीचा चाचणी अहवाल मागा. आपल्याकडे प्लास्टिकमधून अन्नात किती अंश उतरतो ते तपासायचं मानक आयएस ९८४५ आहे. हा नंबर उच्चारलात तरी समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक माहिती घेऊन आलंय.

आधी एकच पाकीट घ्या. घरी तीन चाचण्या करा. वास घ्या: रॉकेलसारखा किंवा उग्र वास येत असेल तर परत करा. पाणी भरा: ग्लोव्हमध्ये पाणी घालून मनगटाकडून पिळून धरा आणि बोटांच्या जोडांतून थेंब येतो का बघा, असे पाच-दहा ग्लोव्हज तपासा. वजन करा: दोन कंपन्यांचे एकाच साइझचे पन्नास-पन्नास ग्लोव्हज काट्यावर ठेवा. जे जास्त भरतील त्यात माल जास्त. आणि हो, पाकिटातले नग मोजा. शंभर लिहिलंय म्हणजे शंभर असतीलच असं नाही.

साइझ विसरू नका. ताईंच्या हाताला मोठा ग्लोव्ह दिला की बोटांची टोकं लोंबकळतात, ती सुरीखाली येतात.

हिशोब असा मांडा

समजा, पॉली ग्लोव्ह ६० पैशांना एक पडतो. जोडी १ रुपया २० पैशांची. दिवसात १५ वेळा बदलली तर १८ रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४६८ रुपये. रोज १०० प्लेट विकत असाल तर प्लेटमागे खर्च आला १८ पैसे.

आता समजा, नायट्राइल ४ रुपयांना एक. जोडी ८ रुपये, १५ जोड्या १२० रुपये, महिना ३,१२० रुपये. प्लेटमागे १ रुपया २० पैसे.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावच्या भावाने तुम्ही स्वतः मांडा. पण मुद्दा लक्षात घ्या. १५ वेळा बदललेला स्वस्त ग्लोव्ह हा दिवसभर न बदललेल्या महागड्या ग्लोव्हपेक्षा कधीही चांगला. तुम्हाला बदलायला परवडेल असाच ग्लोव्ह घ्या. आणि हा खर्च वरखर्चात ढकलू नका, प्लेटच्या किमतीत धरा. किमतीत धरलेला खर्च करताना हात आखडत नाही.

कधी बदलायचा? काम बदललं की, पैसे-मोबाईल-केस-नाक-फडकं यांना हात लागला की, फाटला की, मध्ये ब्रेक घेतला की. धुऊन परत वापरायचा नाही, सॅनिटायझर चोळून तर नाहीच. काढताना मनगटाकडून उलटा करत काढा, म्हणजे बाहेरची घाण आत राहते. प्रत्येक वेळी नवा घालण्याआधी साबणाने किमान २० सेकंद हात धुवा आणि कोरडे करा. ग्लोव्हच्या आत ऊब आणि ओलावा असतो, जंतूंना आणखी काय पाहिजे?

कायदा काय म्हणतो?

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ चा आहे, आणि परवाना-नोंदणीची नियमावली २०११ ची. तिच्यातली अनुसूची ४ म्हणजे स्वच्छतेचे नियम. छोट्या, फक्त नोंदणीवाल्या व्यावसायिकालाही ती लागू आहे. नखं कापलेली असावीत, काम सुरू करण्याआधी आणि शौचालयाहून आल्यावर साबणाने हात धुवावेत, संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्नाचं काम करू नये, जखम झाकलेली असावी आणि जखम असलेल्या माणसाचा अन्नाशी थेट संबंध येऊ नये, हे त्यात आहे. एकदा पूर्ण वाचा. जमलं तर एफएसएसएआयचं फॉस्टॅक प्रशिक्षणही करा, त्यात रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांसाठी वेगळा कोर्स आहे.

"सर, प्लास्टिकबंदीत ग्लोव्हज येतात का?" हाही नेहमीचा प्रश्न. १ जुलै २०२२ पासून केंद्राने ज्या एकदा वापरायच्या वस्तूंवर बंदी आणली, त्यात प्लास्टिकच्या प्लेट, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ वगैरे आहेत. ग्लोव्हज त्या यादीत नाहीत. पण कचरा तर होतोच. म्हणूनच म्हणतो, जिथे चिमट्याने भागतं तिथे ग्लोव्ह नको. पायाने उघडणारी झाकणाची बादली ठेवा आणि संध्याकाळी गाडीमागे कचरा पेटवू नका. पीव्हीसी जळताना विषारी वायू सोडतं.

जे ग्लोव्हला जमत नाही

आता या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट. तुमच्याकडे रोजंदारीवर एक ताई पोळ्या लाटायला, डबे भरायला येतात. सकाळी त्यांना जुलाब होताहेत. त्या सांगतील का? नाही सांगणार. कारण सुट्टी घेतली तर दिवसाचे पैसे गेले. त्या गोळी घेऊन येतील, ग्लोव्हज घालतील आणि चाळीस डबे भरतील. त्यातला एखादा डबा वसतिगृहातल्या मुलीचा असेल, एखादा एकट्या राहणाऱ्या आजोबांचा.

इथे कुठलाच ग्लोव्ह कामाचा नाही. इथे कामाला येतं ते तुमचं एक वाक्य: "ताई, बरं नसेल तर सांगा, आजचा पगार कापणार नाही." आणि ते वाक्य पाळणं. महिन्यात एखादा असा दिवस निघाला तर एका दिवसाची मजुरी जाईल. चाळीस डब्यांपैकी दहा घरांत उलट्या-जुलाब झाले तर व्यवसाय जाईल, आणि कुणाचं तरी आरोग्य जाईल ते वेगळंच. ज्यांना हा खर्च उधळपट्टी वाटतो त्यांना माझं सांगणं आहे, ग्लोव्हजपेक्षा हा विमा स्वस्त आहे.

काही जण म्हणतील, "सर, तुम्ही काहीही सांगा, ग्राहकाला ग्लोव्हज दिसले की तो येतो." मान्य आहे. ग्राहक डोळ्यांनी विश्वास ठेवतो. मग त्याला खरं काही तरी दाखवा. गाडीवर नळाची टाकी आणि साबण समोर ठेवा. त्याच्यासमोर हात धुवा, त्याच्यासमोर जुना ग्लोव्ह टाकून नवा घाला. हे बघितलेला ग्राहक चार लोकांना सांगतो. ग्लोव्हने नोटा मोजताना पाहिलेलाही सांगतो, फक्त वेगळं सांगतो.

तर या आठवड्यात तीन कामं करा. एक, हात धुण्याची जागा कामाच्या ओट्यापासून पाच पावलांच्या आत आणा. दोन, तुमच्या कामांची यादी करून प्रत्येकापुढे लिहा: ग्लोव्ह, चिमटा की धुतलेला हात. तीन, पैशांचा हात आणि पदार्थाचा हात वेगळा करा. हे झालं की मग दुकानात जा आणि ग्लोव्हज घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढू द्या, पण हात धुऊन!